लॅरी होम्सने हरवलं तरी कुणाला?

हेवीवेट बॉक्सिंगचा विषय निघाला की लॅरी होम्सच्या, १९७८ ते १९८५ या काळातल्या विश्वविजेत्याच्या, वाट्याला ठरलेलं एकच वाक्य येतं. "त्याने हरवलं तरी कुणाला? म्हाताऱ्या मुहम्मद अलीला?" परवा म्हापशात बॉक्सिंगच्या सरावानंतर आमची पोरं भाजीपाव खाता खाता हेच बोलत होती. एक जण तर म्हणाला, "सर, यूट्यूबवर बघा ना, त्याच्यासमोरचे सगळे फालतू." मी तिथल्या तिथे उत्तर दिलं, पण गाड्यापाशी उभं राहून वीस लढतींचा हिशेब मांडता येत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. गोव्यात फुटबॉलवर रात्र रात्र भांडणारे पुष्कळ सापडतील, बॉक्सिंगवर भांडणारे मोजकेच. त्या मोजक्यांसाठी ही पोस्ट आहे.

माझं मत आधीच सांगतो. अली आणि जो लुई यांच्यानंतर तिसरं नाव होम्सचं. फोरमन, फ्रेझियर, मार्सियानो, टायसन हे सगळे त्याच्या मागे.

आता मुद्द्याकडे येऊ. विरोधक किती दमाचे होते, हे आपण ठरवतो कसं? बहुतेक जण लढतीच्या दिवशीचा रेकॉर्ड बघतात, किंवा नाव ओळखीचं आहे का ते बघतात. दोन्हींत फसगत होते. माइक वीव्हरचंच घ्या. जून १९७९ मध्ये तो न्यूयॉर्कला होम्ससमोर उभा राहिला तेव्हा त्याच्या नावावर २० विजय आणि ८ पराभव होते. आठ वेळा हरलेल्या माणसाला विजेतेपदाची संधी मिळतेच कशी, असं कुणालाही वाटेल. त्या रात्री वीव्हरने होम्सला अक्षरशः घाम फोडला आणि बाराव्या राउंडपर्यंत टिकला. पुढे नऊ महिन्यांनी, मार्च १९८० मध्ये, याच वीव्हरने जॉन टेटला पंधराव्या राउंडमध्ये झोपवलं आणि डब्ल्यूबीए या बॉक्सिंग संघटनेचा विश्वविजेतेपदाचा बेल्ट घेतला. मग तो फालतू होता की होम्सने एका भावी विश्वविजेत्याला हरवलं होतं?

असा वीव्हर एकटाच नाही. ट्रेव्हर बर्बिकला होम्सने एप्रिल १९८१ मध्ये पंधरा राउंडांत गुणांवर हरवलं. बर्बिकने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अलीला त्याच्या शेवटच्या लढतीत हरवलं आणि १९८६ मध्ये तो डब्ल्यूबीसी या दुसऱ्या संघटनेचा विजेता झाला. टायसनने विश्वविजेतेपद मिळवलं ते याच बर्बिककडून. टिम विदरस्पून पुढे दोनदा विश्वविजेता झाला. 'बोनक्रशर' स्मिथला होम्सने नोव्हेंबर १९८४ मध्ये बाराव्या राउंडमध्ये थांबवलं, आणि डिसेंबर १९८६ मध्ये त्याच स्मिथने विदरस्पूनला पहिल्याच राउंडमध्ये आडवा करून बेल्ट नेला. म्हणजे होम्सने बेल्ट राखताना ज्यांना हरवलं, त्यातले चौघे पुढे हेवीवेटचे विश्वविजेते झाले. ओसी ओकासिओ तर क्रूझरवेटमध्ये, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या वजनगटात, विजेता झाला, तो वेगळाच. यांना आज कुणी ओळखत नाही हे खरं. पण त्यांच्या उमेदीच्या काळात वाटेत होम्स उभा होता, हे त्यामागचं मोठं कारण. त्याने यातल्या दोघातिघांकडून मार खाल्ला असता, तर आज आपण त्यांची नावं आदराने घेतली असती आणि त्या काळाला सुवर्णकाळ म्हटलं असतं. विजेत्याने सगळ्यांना हरवलं की समोरचे कच्चे ठरतात. हा कुठला न्याय?

आणि बेल्ट मिळवला तो कुणाकडून, हेही बघा. ९ जून १९७८, लास व्हेगास, सीझर्स पॅलेस. समोर केन नॉर्टन, १९७३ मध्ये अलीचा जबडा मोडून त्याला हरवणारा. होम्सचा डावा दंड लढतीच्या काही दिवस आधी सरावात दुखावला होता, आणि होम्सचा सगळा खेळच डाव्या हातावर. पंधरावा राउंड सुरू झाला तेव्हा दोघंही थकून गेलेले. नॉर्टन सुरुवातीलाच त्वेषाने अंगावर आला. होम्स मागे हटला नाही. दोघं रिंगच्या मधोमध उभे राहिले आणि जो काही दम उरला होता तो ठोशांत ओतला. मी हे तीन मिनिटं पोरांना मोबाइलवर दाखवतो तेव्हा बोलायला कुणी उरत नाही. तिन्ही जजांच्या कार्डावर फरक एकेका गुणाचा, १४३-१४२: दोघांचा होम्सकडे, एकाचा नॉर्टनकडे. ते शेवटचं राउंड गेलं असतं तर बेल्टही गेला असता.

बेल्ट मिळाल्यावर त्याने सलग आठ आव्हानवीर वेळेआधी थांबवले. त्यात अर्नी शेव्हर्स होता, त्याच्याइतका जोरदार ठोसा हेवीवेटच्या इतिहासात फार थोड्यांचा. सप्टेंबर १९७९ मधल्या लढतीच्या सातव्या राउंडमध्ये शेव्हर्सचा उजवा हात बसला आणि होम्स पाठीवर पडला. तो उठला, सावरला आणि अकराव्या राउंडमध्ये जिंकला. १९८१ मध्ये रेनाल्डो स्नाइप्सने असंच पाडलं, तेव्हाही तो उठून जिंकला.

होम्सचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मी आमच्या पोरांना मुद्दाम सावकाश करून दाखवतो. डावा हात वर गार्डमध्ये नसतो, बराच खाली असतो, त्यामुळे समोरच्याला तो सुटताना दिसत नाही. खांदा हलत नाही, कोपर बाहेर फाकत नाही. हात खालून सरळ नाकावर येतो, आणि एक बसतो न बसतो तोच दुसरा. याची किंमत म्हणजे परतणारा हात खालीच राहतो आणि त्यावरून समोरच्याचा उजवा ठोसा यायला जागा मिळते. शेव्हर्स, स्नाइप्स, पुढे टायसन, सगळ्यांनी होम्सला तिथेच पकडलं. म्हणून पोरांना सांगतो, जॅब त्याचा घ्या, हात परत आणायची सवय त्याची घेऊ नका.

आता अलीचं. २ ऑक्टोबर १९८० ची ती लढत मला बघवत नाही. अली ३८ वर्षांचा, दोन वर्षं लढलेला नाही, शरीर साथ देत नाही. होम्स अलीचा जुना स्पारिंग पार्टनर. त्याच्याच छावणीत शिकलेला, त्याच्यावर जीव असलेला. लढत चालू असताना तो रेफरीकडे बघत होता, की आता हे थांबवा. दहाव्या राउंडनंतर अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडीने ती थांबवली. जिंकून होम्स रडला. ही लढत होम्सच्या मोठेपणाचा पुरावा म्हणून मी कधीच सांगणार नाही, आणि त्यानेही ती मिरवली नाही.

पण मग हाच नियम सगळ्यांना लावा. जानेवारी १९८८ मध्ये टायसनने होम्सला चौथ्या राउंडमध्ये पाडलं. तेव्हा होम्सचं वय किती? ३८. जवळजवळ दोन वर्षं तो रिंगमध्ये उतरलेला नव्हता. अलीला हरवलं ते मोजायचं नाही कारण अली म्हातारा, आणि टायसनने होम्सला हरवलं ते मात्र टायसनच्या थोरवीचा पुरावा म्हणून रील्समध्ये फिरवायचं? मार्सियानोच्या ४९-० पुढे, म्हणजे ४९ विजय आणि शून्य पराभवांपुढे, सगळे मान झुकवतात. त्याने हरवलेला जो लुई ३७ वर्षांचा होता आणि जर्सी जो वॉलकॉट ३८ चा. मार्सियानोने विजेतेपद सहा वेळा राखलं. होम्सने वीस वेळा. त्याच्यापुढे लुईचे पंचवीस आहेत, ते मी आनंदाने मान्य करतो. पण लुईच्याही त्या काळातल्या विरोधकांना तिथल्या वर्तमानपत्रांनी 'महिन्याचा भिकारी' म्हणून हिणवलं होतं. त्या यादीतल्याच बिली कॉनने १९४१ मध्ये तेराव्या राउंडपर्यंत लुईला मागे टाकलं होतं, हे कुणी सांगत नाही.

होम्सचं दुर्दैव असं की तो अलीनंतर आला. वास्कोच्या दामोदर सप्ताहात नावाजलेल्या गायकाची बैठक संपली की निम्मा मांडव उठतो. त्यानंतर बसणाऱ्याचा सूर कितीही पक्का असो, ऐकायला थोडेच उरतात. होम्स अलीसारखा बोलत नव्हता, कविता करत नव्हता. जून १९८२ मध्ये गेरी कूनीशी लढताना तर विजेता असूनही त्याचं नाव आधी पुकारलं गेलं आणि कूनीचं नंतर, कारण सगळ्यांना गोरा विजेता हवा होता. तेव्हा 'टाइम'च्या मुखपृष्ठावर स्टॅलोनसोबत कूनी होता. त्या वातावरणात त्याने कूनीला तेराव्या राउंडमध्ये थांबवलं, आणि नंतर त्याच कूनीशी मैत्री केली. तो माणूस कसा होता हे यावरूनही कळतं.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवून वकिली करणं मला पटत नाही. १९८३ पासूनचा होम्स मला खटकतो. विदरस्पूनशी झालेल्या मे १९८३ च्या लढतीत जजांमध्ये एकमत नव्हतं. मी स्वतः ती विदरस्पूनला दिली असती, आणि रीमॅच द्यायलाच हवा होता. तो दिला नाही. तगडा आव्हानवीर ग्रेग पेज याच्याशी लढण्याऐवजी पैशांच्या वादावरून डब्ल्यूबीसीचा बेल्ट सोडला आणि नव्या आयबीएफ संघटनेचा घेतला. पिंकलन थॉमसशी लढला नाही. गेरी कोएत्झीशी लढत ठरली होती, तीही पैशांवरून मोडली. आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये अवघ्या दहा लढती खेळलेल्या मार्व्हिस फ्रेझियरला (जो फ्रेझियरच्या मुलाला) पहिल्या राउंडमध्ये उडवलं, त्याला तर डब्ल्यूबीसीने विजेतेपदाची लढत मानायलाही नकार दिला. हा डाग खरा आहे. थॉमस आणि पेज त्याच्या खात्यात असते तर आज हा वाद उरलाच नसता. मात्र एक गोष्ट लक्षात घ्या: १९८० च्या दशकात त्या पिढीतले कितीतरी गुणी हेवीवेट नशेपायी आणि सुटलेल्या पोटापायी वाया गेले. त्यांनी स्वतःची माती केली, त्याचा दोष होम्सवर कसा टाकायचा?

१९८५ मध्ये मायकल स्पिंक्सकडून तो हरला, ४८-० वर. आणखी एक जिंकला असता तर मार्सियानोची बरोबरी झाली असती. त्या रात्री तो मार्सियानोबद्दल नको ते बोलला, नंतर माफी मागितली, पण लोकांनी तेवढंच लक्षात ठेवलं. फेब्रुवारी १९९२ मध्ये ४२ व्या वर्षी त्याने अजिंक्य रे मर्सरला, सोल ऑलिंपिकच्या सुवर्णपदक विजेत्याला, बारा राउंड नुसत्या हुशारीवर खेळवलं आणि हरवलं. ते कुणी लक्षात ठेवत नाही. १९९५ मध्ये ४५ व्या वर्षी तो ऑलिव्हर मॅकॉलकडून थोडक्यात हरला. आदल्याच वर्षी मॅकॉलने लेनॉक्स लुईसला दुसऱ्या राउंडमध्ये संपवलं होतं. एकूण ७५ लढती, ६९ विजय, ६ पराभव. आणि सबंध कारकिर्दीत एकच माणूस त्याला वेळेआधी थांबवू शकला, टायसन.

वाद घालायचा असेल तर जरूर घाला. पण "कुणाला हरवलं" असं लिहिण्यापूर्वी नॉर्टन, वीव्हर आणि विदरस्पून, या तीन लढती अखेरपर्यंत बघा. विदरस्पूनची बघताना आवाज बंद करा, समालोचकाचं ऐकू नका, वहीत राउंडनुसार स्वतः गुण लिहा; नववा राउंड दोनदा बघा. तुमचं कार्ड काय आलं ते खाली टाका. या रविवारी सरावानंतर आम्हीही सगळे मिळून तीच लढत लावणार आहोत, म्हापशात असाल तर या.