आत्तीचा दंड आणि आपल्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या

मे महिन्यात कागलकडं आत्तीच्या गावाला गेले होते. आत्ती 68 वर्षांची. चाळीसेक वर्षं भांगलण, उसाची लावण, सगळं उन्हात. ओसरीवर चहा पिता पिता तिनं उकडतंय म्हणून झंपराची बाही वर सरकवली आणि मी बघतच राहिले. कोपराखालचा हात काळवंडलेला, वाळल्या चिंचेच्या टरफलासारखा चिरा चिरा पडलेला. बाहीखाली झाकलेला दंड मात्र उजळ, मऊ, हात फिरवला तर लहान पोरीचा वाटावा असा. दोन्ही कातडी एकाच बाईची, एकाच वयाची, एकाच भाकरीवर पोसलेली.

तेव्हापासून मला कुणी विचारलं, "मॅडम, सुरकुत्यांना काय लावू?" तर मी आधी सांगते, आरशासमोर उभी राहा आणि दंडाची आतली बाजू गालाशेजारी धरून बघ. जो फरक दिसेल तो बहुतेक सगळा उन्हानं केलेला असतो.

उन्हातले यूव्हीए किरण कातडीत खोलवर जातात आणि तिला घट्ट धरून ठेवणारं कोलॅजन तोडतात. चटका बसत नाही, लाली येत नाही, म्हणून आपल्याला पत्ताच लागत नाही. हे किरण ढगातून येतात आणि काचेतूनही येतात. माझा दादा पंचवीस वर्षं कोल्हापूरच्या मार्केट यार्डातून गुळाचा टेम्पो घेऊन आंबा घाटातून कोकणात जातो. त्याला समोर बसवून नीट बघा. खिडकीकडचा उजवा गाल डाव्यापेक्षा काळा, आणि डोळ्याच्या कडेच्या रेघाही त्याच बाजूला खोल. 2012 साली अमेरिकेतल्या एका ट्रक ड्रायव्हरचा फोटो वैद्यकीय मासिकात छापून आला होता. 28 वर्षं ट्रक चालवलेला माणूस. तिकडं ड्रायव्हर डावीकडं बसतो, त्यामुळं त्याचा डावा गाल म्हाताऱ्याचा आणि उजवा बराच तरुण. दादाला तो फोटो दाखवला तर तो मिनिटभर बोललाच नाही.

म्हणून माझं मत ठाम आहे. सुरकुत्यांसाठी एकच गोष्ट परवडणार असेल तर सनस्क्रीन घ्या. बाकी सगळं नंतर. ऑस्ट्रेलियात 900 हून जास्त माणसांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला, तो 2013 साली छापून आला. हाताच्या पाठीच्या कातडीचे ठसे घेऊन तपासलं, तर रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या कातडीचं म्हातारपण मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा 24 टक्के कमी निघालं. रोज लावणं, हेच त्यातलं महत्त्वाचं.

आपल्याकडं लावतात कसं, तर हरभऱ्याएवढं बोटावर घेऊन गालाला पुसतात. त्यानं काही होत नाही. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर लांब रेघ ओढा, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. माझी 50 ग्रॅमची ट्यूब महिना-सव्वा महिन्यात संपते. एसपीएफ 30 पुरतं. 30 साधारण 97 टक्के यूव्हीबी, म्हणजे चटका देणारे किरण, अडवतं आणि 50 अडवतं 98, तेव्हा आकड्यामागं पळू नका. त्यापेक्षा डबीवर पीए पुढं तीन-चार अधिकची चिन्हं आहेत का बघा, कारण सुरकुत्या आणणाऱ्या यूव्हीएचा हिशोब तिथं असतो. उन्हात असाल तर दोन तासांनी परत लावा. पावसाळ्यात आपल्याकडं आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हाही लावा. वांग असेल तर रंगीत सनस्क्रीन घ्या, त्यातलं आयर्न ऑक्साईड साध्या उजेडालाही अडवतं.

राजारामपुरीतनं मोपेडवर जाणाऱ्या पोरी तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, त्यांना लोक नावं ठेवतात. मला त्या शहाण्या वाटतात. फक्त डोळे उघडे राहतात आणि रेघा पहिल्यांदा तिथंच येतात, तेव्हा गॉगल घाला.

आता जे बोलायला मला जड जातं ते. दोन वर्षांपूर्वी पुतण्याच्या लग्नाआधी एका पार्लरवालीनं मला नाईट क्रीम दिलं. साधी पांढरी डबी, नाव नाही, कंपनी नाही, तारीख नाही. आठ दिवसांत चेहरा असा उजळला की लग्नात सगळ्या जावा विचारत होत्या. तीन महिने लावलं. बंद केलं आणि चार दिवसांत गाल लालभडक, पाणी लागलं तरी आग. बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, हनुवटीवर केस आले. त्वचेच्या डॉक्टरांनी डबी हातात घेऊनच सांगितलं, यात स्टिरॉइड असणार. स्टिरॉइडनं कातडी पातळ होते, म्हणजे सुरकुत्या घालवायला गेले आणि त्यांनाच आवतण दिलं. सावरायला वर्ष गेलं. 2018 सालापासून बरीच स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, तरी अशा डब्या सर्रास फिरतात. काहींत पारा असतो. केरळात मलप्पुरमला 2023 साली गोरं करणाऱ्या क्रीमनं किडन्या बिघडलेले रुग्ण सापडले होते. बायांनो, डबीवर काय काय घातलंय ते लिहिलेलं नसेल तर हात लावू नका. सख्ख्या बहिणीनं दिली तरी नको.

आलेल्या बारीक रेघा थोड्या कमी करायच्या असतील तर रेटिनॉलला, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या एका प्रकाराला, खरंच आधार आहे. रात्री वाटाण्याएवढं, सुरुवातीला आठवड्यातनं दोनदाच, वर साधं मॉइश्चरायझर. पहिले काही आठवडे कातडी सुटते, फरक दिसायला तीन-चार महिने लागतात. गरोदर असाल किंवा त्या विचारात असाल तर अजिबात नाही. डाळीचं पीठ, साय, मुलतानी माती यांनी चेहरा स्वच्छ वाटतो, एवढंच. लिंबू चोळून उन्हात जाणं तर फार वाईट, त्यानं चट्टे उठतात.

जाहिरातीत सनस्क्रीन लावणारी पोरगी एसी ऑफिसात बसलेली असते. ज्या बाईचं आयुष्य उसाच्या फडात जातं, जी आशाताई दुपारी वाडीवाडीला फिरते, तिला कुणी कधी सांगितलंच नाही की हे तिच्यासाठीही आहे. चांगलं दिसावं असं आत्तीला वाटत नसेल, असं आपण परस्पर ठरवून टाकतो, याचा मला राग येतो.

मी तिला एक ट्यूब नेऊन दिली. बोटांवर रेघ ओढून दाखवली, पूर्ण बाहीचा शर्ट आणि डोक्यावरचा पदर तसाच ठेव म्हटलं. ती म्हणाली, "आता ह्या वयात कशाला गं?" तरी ट्यूब तिनं खुरप्याशेजारच्या कोनाड्यात ठेवली. परवा फोन आला, "ते पांढरं मलम सपलं बघ. येताना दोन आण. शेजारची रखमा पण मागतीया."