आप्पांवर ओरडू नका, समोर येऊन बोला

आज सकाळी केवायसीसाठी आप्पांना बँकेत नेलं होतं. मी बाजूच्या टेबलावर फॉर्म भरत होते. खिडकीतल्या बाई कॉम्प्युटरमधून मान वर न काढता म्हणाल्या, "आजोबा, सात नंबरला जा." आप्पा पाच नंबरला जाऊन उभे राहिले. तिथून परत पाठवलं, तर आठ नंबरला गेले. मग बाई उभ्या राहून किंचाळल्या, "सात! सात! ऐकू येत नाही का?" रांग हसली. मागून कोणीतरी म्हणालं, "ठार बहिरा आहे म्हातारा." आप्पांनी कानावर हात नेला आणि शांतपणे म्हणाले, "ओरडू नका बाई, ऐकू येतंय." त्यावर तर आणखीच हशा.

घरी येऊन चार तास झाले तरी माझ्या डोक्यातून ते हसणं जात नाहीये. त्या बाईंपुढे मोठी रांग होती, हे खरं. पण हसणाऱ्यांपुढे कुठलं काम होतं?

आप्पा अगदी खरं बोलत होते. त्यांना ऐकू येतं. सात, पाच, आठ म्हणून बघा. तिन्हींत जोरदार काय आहे? मधला आ. तो जाड, खालच्या पट्टीचा आवाज आप्पांपर्यंत व्यवस्थित पोचतो. स, च, त, ठ हे सगळे वरच्या पट्टीतले, क्षणभर टिकणारे, जेमतेम हवेचे आवाज. ते पोचत नाहीत. म्हणजे कोणीतरी काहीतरी बोललं हे आप्पांना कळतं, काय बोललं ते कळत नाही.

मी शाळेत ध्वनीचा धडा शिकवते. हातोडी, ऐरण, रिकीब ही कानातल्या तीन हाडांची नावं मुलं घडाघडा म्हणतात. रिकीब हे शरीरातलं सगळ्यात लहान हाड, जेमतेम तीन मिलिमीटरचं. त्याच्या पलीकडे, कानात आणखी आत, अडीच वेढ्यांचा शंख, सरळ केला तर साडेतीन सेंटीमीटर भरेल एवढाच. त्यातल्या पातळ पडद्याच्या पट्टीवर आवाजांच्या जागा ठरलेल्या असतात : तोंडाशी बारीक, तीक्ष्ण आवाज आणि आत टोकाकडे जाड, घुमणारे. गेऑर्ग फॉन बेकेशी या हंगेरियन माणसाने टपाल-तार खात्यात टेलिफोनचं काम करता करता हे शोधलं, त्याला १९६१ साली नोबेल मिळालं. त्या पट्टीवर केसांसारखे तुरे असलेल्या पेशी असतात. त्यातल्या मेंदूकडे संदेश पाठवणाऱ्या पेशी एका कानात फक्त साडेतीन हजारांच्या आसपास! गावातल्या एका सभेला याहून जास्त माणसं जमतात हो. शेजारी आणखी बारा हजार पेशी असतात, त्या स्वतः लांब-आखूड होऊन आलेला आवाज टोकदार करतात. १९७८ साली डेव्हिड केम्प या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की या खटाटोपात कान स्वतःही बारीकसा आवाज बाहेर टाकतो. आज नवजात बाळाच्या कानाची चाचणी त्यावरच होते.

आणि गोंगाटाने आधी मरतात त्या ह्याच मदतनीस पेशी. त्या गेल्या की आवाज नुसता बारीक होत नाही, फिसकटतो. शाई पसरलेल्या चिठ्ठीवर बॅटरीचा उजेड वाढवला म्हणून अक्षर वाचता येत नाही. शिवाय हळू आवाज मुळीच येत नाही आणि मोठा आवाज एकदम अंगावर येतो, मधली पायरीच उरत नाही. म्हणून आप्पा घरात आधी "जरा मोठ्याने बोल" म्हणतात आणि मग "ओरडतेस कशाला" म्हणतात. हा हट्टीपणा नाही. कृपा करून आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना हट्टी म्हणू नका.

आप्पांच्या कानाची तपासणी झाली तो दिवस मला विसरता येत नाही. काचेची लहानशी खोली, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. जाड आवाजांना आप्पा झटपट दाबत होते, शहाण्या मुलासारखे. मग तपासणाऱ्या मुलीने बारीक शिट्टीसारखा आवाज लावला. काचेच्या अलीकडे मला तिच्या यंत्रावर आवाज किती मोठा केलाय तो डेसिबलचा आकडा दिसत होता. चाळीस. पन्नास. साठ. आप्पा बटणावर अंगठा ठेवून, मान थोडी तिरकी करून, लक्ष देऊन बसले होते. आवाज चालू होता आणि ते त्याची वाट बघत होते.

आलेखावर चार हजार हर्ट्झपाशी, म्हणजे बारीक, तीक्ष्ण आवाजांपाशी, खोल खड्डा निघाला. मुलीने विचारलं, "आजोबा, काम काय करायचात?" हे गोंगाटाचं काम आहे, हे तिला तो खड्डा बघूनच कळलं होतं.

इचलकरंजीत यंत्रमाग. रात्रपाळी, दिवसपाळी, बारा-बारा तास. आडवा धागा नेणारा धोटा एका पेटीतून सुटतो आणि समोरच्या पेटीत आदळतो, मिनिटाला शंभराहून जास्त वेळा, आणि शेडमध्ये असे कितीतरी माग शेजारी शेजारी. मोठा आवाज आला की कानातला एक इवलासा स्नायू रिकीब आवळून धरतो, पण त्याला सेकंदाचा साधारण दहावा भाग लागतो. धोट्याचा ठोका तोवर आत पोचून गेलेला असतो. डोळ्याला पापणी आहे, कानाला काहीच नाही. पाळी सुटली की कान सुन्न व्हायचे, सकाळपर्यंत मोकळे व्हायचे. मग एक दिवस मोकळे व्हायचे थांबले. कोंबडीच्या कानात या पेशी परत उगवतात. माणसाच्या नाही.

गोंगाटाने येणारं बहिरेपण हा कायद्याच्या यादीत नोंदलेला व्यावसायिक आजार आहे. आप्पांच्या मालकाने कधी साधे कापसाचे बोळेसुद्धा दिले नाहीत. तुम्ही-आम्ही घातलेला सुती कपडा अशा कानांवर विणला गेलाय, आणि मग त्याच माणसाला खिडकीसमोर हसायचं! संताप येतो मला.

आणि हो, डीजेबद्दलही बोलणारच. ८५ डेसिबल आठ तास, ही कानाची सर्वसाधारण मर्यादा मानतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ लिहिलंय. माझ्या वर्गातली मुलं स्पीकरच्या भिंतीला टेकून तासन् तास नाचतात, दुसऱ्या दिवशी "मॅडम, कानात शिट्टी वाजतेय" म्हणतात. सण वर्षातून एकदा येतो, मान्य. ढोल-ताशाही हळू नसतो, तेही मान्य. पण आप्पांनी पोटासाठी कान दिले. ही पोरं कशासाठी देतायत?

असो. आवाज चढला माझा.

तो आलेख मी अजून फाईलमध्ये ठेवलाय, आणि जो पाहुणा आप्पांना "लक्षच नसतं तुमचं" म्हणतो त्याच्यापुढे काढून ठेवते. आप्पांना मशीन घेतलंय. आज त्यांनी लावलं नव्हतं, कारण लोक बघतात. चष्म्याला कोणी हसत नाही, उलट हुशार म्हणतात. कानाच्या मशीनला मात्र आपण असं बघतो की माणूस ते खिशातच ठेवतो. चष्म्याइतकं सरळ काम ते करत नाही, हे खरंय. गर्दीत सगळाच कलकलाट वाढवतं आणि महाग तर आहेच. तरी लावल्यावर नातीचं "आजोबा, चहा" त्यांना पहिल्या हाकेला समजतं. तेव्हाचा त्यांचा चेहरा बघाच एकदा.

तर माझ्या मित्रमैत्रिणींनो, अशा माणसाशी बोलताना आधी त्याच्यासमोर या. उजेडात उभे राहा, ओठ दिसू द्या. टीव्ही बंद करा. नेहमीच्याच आवाजात, जरा सावकाश बोला. एकदा नाही समजलं तर तेच परत ओरडू नका, वेगळ्या शब्दांत सांगा. सात समजत नसेल तर सात बोटं दाखवा, हात धरून खिडकीपर्यंत न्या. आणि घरात कोणी माग, गिरणी, क्रशर नाहीतर लोहारकाम केलेलं असेल तर एकदा तपासणी करून घ्या. नुसता मळ अडकलेला असला तर डॉक्टर तिथेच काढून देतात. पेशी गेल्या असतील तर निदान घरच्यांना कळेल की त्यांचं माणूस इतकी वर्षं मुद्दाम दुर्लक्ष करत नव्हतं.