‘घरबसल्या’ या शब्दाबद्दल

स्थलांतरितांच्या कादंबऱ्यांवरच्या माझ्या लेखावर न्यू जर्सीहून आलेल्या प्रतिक्रियेला इथेच उत्तर देतो. साहेब, आपण लिहिलंत : ‘घरबसल्या बेळगावात स्थलांतरितांचं दुःख कळत नसतं. कातडीचा रंग बघून तुम्हाला कधी कुणी हटकलंय का? आणि ‘अमेरिकाना’चं सालही चुकलंय.’

सालाचं मान्य. चिमामांडा न्गोझी अडिची यांची ती कादंबरी 2013ची. लेखात दुरुस्ती केली, आभार.

पण ‘घरबसल्या’? चूक दाखवायला हा शब्द लागत नव्हता. हे असं खालच्या पट्टीत बोलणं आम्ही इथं पुष्कळ ऐकलंय, आपल्याकडून अपेक्षा नव्हती.

आमच्या आजोबांनी बेळगावातल्या वडगावचं घर सोडलं नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला जिल्हाच मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. आज्जी मराठी चौथी शिकलेली, ज्ञानेश्वरी वाचायची. रेशनकार्ड हातात आलं की चष्मा पुसून मला हाक मारायची, ‘बाळ, ह्यात माझं नाव कुठं हाय दाव रे.’ मी तिचं बोट त्या कानडी अक्षरांवर ठेवायचो. ती तिथं नखानं बारीक खूण करायची, पुढच्या खेपेला कुणाला विचारायला लागू नये म्हणून. झुंपा लाहिरींच्या ‘द नेमसेक’ कादंबरीत अमेरिकेतल्या बंगाली घरातला गोगोल कोर्टात जाऊन नाव बदलून निखिल होतो, तिथं मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. मला ती नखाची खूण आठवत होती. ह्याला आपण काय म्हणणार, घरबसल्या?

एका कचेरीत माझा मराठी अर्ज परत ढकलला होता, ‘महाराष्ट्रात जावा’ म्हणून. गेलो. पुण्यात खोली बघायला गेलो तर माझा हेल ऐकून घरमालकीणबाईंनी विचारलं, ‘कानडी का तुम्ही?’ तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. जिन्यावरनं उतरताना रडू आलं, हे आज पहिल्यांदा लिहितोय.

रंगाचं म्हणाल तर वंशभेद आणि सीमाभाग एकच, असं मी कुठंही म्हटलेलं नाही. लेख शेवटपर्यंत वाचला असतात तर दिसलं असतं. तो मुद्दा पुन्हा उगाळत नाही.

पुढचा लेख सॅम सेल्वॉन यांच्या ‘द लोनली लंडनर्स’वर आहे. कॅरिबियन बेटांवरून लंडनला आलेल्या माणसांची ती कादंबरी 1956 चीच. आपण जरूर वाचा, चुकाही काढा. मी कुठं बसून लिहितो, ते मात्र मध्ये आणू नका.