बारा मिनिटांचा हिशेब

रात्री आठ वाजता आमच्या परभणीच्या घरात टीव्ही सुरू होतो आणि आठ वाजून सात मिनिटांनी मालिकेतील सासू सुनेच्या हातातला मृत्युपत्राचा कागद हिसकावण्यासाठी हात पुढे करते. विजा कडाडतात, सासूचा चेहरा तीन बाजूंनी तीनदा दाखवला जातो आणि पुढच्याच क्षणी एक तरुणी धबधब्याखाली उभी राहून केस झटकू लागते. नळाला पाणी आज येणार की परवा, याची चौकशी करण्यात ज्यांची निम्मी हयात गेली, त्या आमच्यासारख्यांनी एका शाम्पूपायी वाया जाणारा तो धबधबा रोज बघावा, ही शिक्षा कोणत्या कलमाखाली दिली जाते, हे मला अद्याप कळलेले नाही.

सुटकेचे सर्व प्रचलित मार्ग मी चोखाळून पाहिले आहेत. वाहिनी बदलावी, तर दुसऱ्या वाहिनीवरही जाहिरात, तिसरीवर त्याच धबधब्याखालची तीच तरुणी, आणि चौथीवर निदान बातम्या असतील अशी आशा धरावी, तोवर तेथील निवेदकही 'एक छोटासा ब्रेक' म्हणून उठलेला असतो. आवाज बंद करून बसावे, तर माणसाला डुलकी लागते आणि जाग येते तेव्हा सासूसुना मुक्याने भांडत असतात व रिमोट गादीखाली गेलेला असतो. वास्तविक रिमोटचा जन्मच या छळावर उतारा म्हणून झाला, असे म्हणण्यास हरकत नाही. १९५५ साली अमेरिकेतील झेनिथ कंपनीच्या यूजीन पॉली या अभियंत्याने पिस्तुलासारखे एक उपकरण काढले. त्याचा प्रकाशझोत पडद्याच्या ठरावीक कोपऱ्यावर मारला की जाहिरातीचा आवाज बंद होत असे. मात्र उन्हाची तिरीप पडली तरी तो संच आपल्याच मनाने वाहिनी बदलू लागे, असे म्हणतात. परभणीच्या मे महिन्यात त्याने काय धिंगाणा घातला असता, याची कल्पनाही करवत नाही.

राहिला उपाय रेकॉर्डिंगचा. मालिका सेट टॉप बॉक्समध्ये साठवून ठेवावी आणि नंतर जाहिराती पळवत बघावी, असा सल्ला नातवाने दिला. त्या रात्री वीज आठ वाजून आठ मिनिटांनी गेली आणि नऊ वाजता परत आली. साठवलेल्या भागात विजा, सासूचे तीन चेहरे आणि धबधबा, एवढाच ऐवज निघाला.

जाहिराती पूर्वी नव्हत्या, असे माझे मुळीच म्हणणे नाही. दूरदर्शनने त्या १९७६ सालीच सुरू केल्या होत्या. १९८७ च्या जानेवारीत 'रामायण' लागले, तेव्हा आमच्या गावात एकाच वाड्यात कृष्णधवल संच होता आणि वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी जोडली जाई. परंतु पंगतीला बसण्याआधी वऱ्हाडाने हातपाय धुवून घ्यावेत, तशा त्या काळी जाहिराती मालिकेच्या आधी एका रांगेत उरकल्या जात. एकदा धनुष्य ताणले गेले की बाण सुटेपर्यंत मध्ये साबण येत नसे.

कोषागारात सारी नोकरी दुसऱ्यांची बिले तपासण्यात घालवलेल्या माणसाला राग आला की तो नियम शोधतो. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मी मोबाइलवर उघडून घेतले आणि निवृत्तीनंतर प्रथमच मला हुशारी वाटली. तासाभरात १२ मिनिटांहून अधिक जाहिराती दाखवू नयेत. त्यांत १० मिनिटांपर्यंत व्यापारी आणि २ मिनिटांपर्यंत वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या असाव्यात, असे त्यांत स्वच्छ लिहिलेले आहे. जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नसावा, हेही त्यांत आहे. बाहेरच्या खोलीत चाललेल्या पंख्याच्या जाहिरातीमुळे ते कलम मात्र मला दोनदा वाचावे लागले.

दुसऱ्याच दिवशी दोनशे पानी वही आणली, 'आरंभ', 'समाप्ती', 'व्यापारी', 'स्वकीय' आणि 'शेरा' असे रकाने आखले आणि घड्याळ काढून मांडीवर ठेवले. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवसापासून लेखाशास्त्रीय पेच उभे राहू लागले. मालिका चालू असतानाच पडद्याची डावी बाजू आणि खालचा पट्टा काबीज करून बिस्किटे येतात आणि सून बिचारी अंग चोरून कोपऱ्यात रडत राहते. तो वेळ पूर्ण धरायचा की बिस्किटांनी व्यापलेल्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात? तीच सून पुढे डोळे पुसून जावेला एका मसाल्याचे गुण सांगते, दोघी मिळून पाकिटाचे तोंड आपल्याकडे वळवतात आणि मग रडणे जेथे थांबले होते तेथून पुढे सुरू होते. जाहिरात ही कार्यक्रमाहून वेगळी ओळखू आली पाहिजे, असे नियम सांगतो. मी अश्रू आटल्यापासून पुन्हा वाहू लागेपर्यंतचे ४२ सेकंद 'व्यापारी' रकान्यात टाकले आणि शेऱ्यात 'आक्षेपार्ह' असे लाल शाईने लिहिले. ब्रेक संपल्यावर ब्रेकच्या आधीच्याच विजा पुन्हा कडाडतात, तो वेळ कोणाच्या नावे मांडायचा, हे मात्र सुटेना. कोठेच न बसणारी रक्कम अनामत खात्यात ढकलण्याची जुनी सवय अखेर कामी आली.

पंधरा दिवसांत माझी अवस्था अशी झाली की जाहिरात लागली की मी सावरून बसे, चष्मा पुसे आणि पडद्यासमोरून कोणी गेले तर खेकसे. मालिका सुरू झाली की मान खाली घालून बेरीज करी. लेकीने पुण्याहून फोनवर विचारले, "बाबा, मृत्युपत्राचं काय झालं?" मी तिला शाम्पू, पंखा, दुचाकी, गुडघ्याचे तेल आणि पुन्हा शाम्पू, असा क्रम वेळेसह वाचून दाखवला. तिने फोन आईकडे द्यायला सांगितले.

सौभाग्यवतीचा कारभार निराळा आहे. ब्रेक लागला की ती स्वयंपाकघरात जाते आणि शीर्षकगीताची धून ऐकू आली की पिठाच्या हातांनी परत येते. दोन मिनिटांना एक ज्वारीची भाकरी, हा तिच्या परातीचा वेग आमच्या लग्नापासून बदललेला नाही. एका रात्री तासाभराची बेरीज चारदा करूनही मला एकदा १४ मिनिटे आणि एकदा १९ मिनिटे येऊ लागली, तेव्हा ती आतून म्हणाली, "अहो, उगं कशाला वही खराब करायलात? रोज ब्रेकात सहा भाकरी होतात. आज नऊ झाल्या. वरच्या तीन कशापायी झाल्या, ते त्या टीव्हीवाल्याला विचारा."

नऊ भाकरी म्हणजे १८ मिनिटे. इतका स्वच्छ ताळा माझ्या टेबलावरून कधी गेल्याचे मला आठवत नाही. मी त्याच रात्री तक्रारीचा मसुदा लिहून काढला, नियम उद्धृत केला आणि तळाशी 'सहपत्र : ज्वारीच्या भाकरी, नग ९' असे नोंदवून झोपलो.

सकाळी पडताळणीसाठी दुरडी उघडली, तर ती रिकामी होती. नियमात बसणाऱ्या सहा रात्रीच्या जेवणात संपल्या होत्या. नियमबाह्य तीन कांदा, शेंगदाणे आणि हिरव्या मिरचीच्या फोडणीत कुस्करून माझ्याच ताटात आल्या होत्या, आणि सांगण्यास संकोच वाटतो, परंतु तो पुरावा मी दोनदा मागून घेतला.