डेप्थ रीडिंगचे इंच टेपनं मोजलेले नसतात

मेटल डिटेक्टर नवीन घेतलेल्या लोकांत सध्या एक मेसेज फार फिरतोय, डेप्थ रीडिंगचे पक्के नियम म्हणून. त्यात थोडक्यात असं म्हटलंय की स्क्रीनवर जेवढे इंच तेवढ्याच खोल वस्तू, खोल दाखवलं म्हणजे जुनं आणि किमती, सेन्सिटिव्हिटी (मंद सिग्नलही पकडायची सेटिंग) फुल ठेवून मोठी कॉइल (दांड्याच्या टोकाची, जमिनीवरून फिरवायची चकती) लावली की रीडिंग एकदम अचूक, आणि तेवढं खोदूनही हाती काही नाही आलं तर मशीन बोगस. हे वाचून लोक चांगली चालणारी मशीनं विकायला काढतायत आणि काही जण तर रीडिंगवर भरवसा ठेवून खुरपं थेट वस्तूवरच मारतायत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

"सहा इंच दाखवलं म्हणजे सहा इंच." मुळात मशीन अंतर मोजतच नाही. कॉइल जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते, त्यानं खालच्या धातूत वीजप्रवाह फिरायला लागतात, त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षेत्र परत कॉइलपर्यंत येतं आणि ते किती जोरात आलं एवढंच मशीनला कळतं. त्या जोरावरून ते अंदाज बांधतं, आणि तो बांधताना धरून चालतं की खाली नाण्याएवढी वस्तू आडवी पडलीय. खरंच तसं नाणं असेल, माती साफ असेल, तर रीडिंग बऱ्यापैकी जुळतं, ते नाकारत नाही मी. पण ताटलीएवढा पत्रा फूटभर खोल असला तरी सिग्नल दणदणीत येतो आणि मशीन सहा इंच सांगून मोकळं होतं, तर चार इंचावरचा बारीकसा तुकडाही तेच सहा इंच दाखवू शकतो. आकडा एक, जागा दोन.

घरी करून बघा. आजूबाजूला धातू नसेल अशा ठिकाणी कॉइल उभी धरा, प्लॅस्टिकची पट्टी लावून ठराविक अंतरावर एक नाणं कॉइलकडे तोंड करून हलवत राहा (हलवायलाच लागतं, बहुतेक मशीनं नेहमीच्या मोडमध्ये स्थिर वस्तू पकडत नाहीत), रीडिंग बघा, मग तेच नाणं त्याच अंतरावर कडेनं उभं करून हलवा. सिग्नल मंदावतो आणि डेप्थ वाढलेली दिसते, नाणं मात्र तिथंच आहे. जमिनीत नाणी काही आपल्या सोयीनं आडवी पडत नाहीत.

आणखी एक गोष्ट त्या मेसेजमध्ये कुठंच नाही, ती म्हणजे आकडा कॉइलपासूनचा असतो, जमिनीपासूनचा नाही. गवतावरून कॉइल दोन इंच वर धरून फिरवली तर ते दोन इंच पण त्यातच आले. कॉइलचा मधला भाग टार्गेटवरून, म्हणजे खालच्या वस्तूवरून, नाही गेला, कडेनं गेला, तरी सिग्नल कमी आणि डेप्थ जास्त. म्हणून डेप्थ बघायची ती पिनपॉइंट मोडमध्ये (वस्तूची नेमकी जागा शोधायचा मोड), आधी बाजूच्या मोकळ्या जागेवर बटण दाबायचं, मग हळू टार्गेटवर यायचं, एकदा आडवं एकदा उभं, आणि सिग्नल सगळ्यात जोरात असेल तिथला आकडा धरायचा.

"खोल म्हणजे जुनं, दोन इंचाचं सोडून द्या." या वाक्यानं नवीन लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. वस्तू खाली जाते ती मुख्यतः गांडुळं खालची माती वर आणून टाकतात म्हणून, चार्ल्स डार्विननं 1881 सालीच हे नीट मांडलं होतं. आता जिथं गांडुळं नाहीत, किंवा चार बोटांवर कातळ आहे, तिथं जुनी वस्तूही वरच राहणार. नांगरटीत खालचं वर येतं, पावसात वरची माती धुपून जाते, भराव टाकला तर कालचं झाकणही फूटभर खाली. वयाचा आणि इंचांचा असा सरळ हिशोब लागत नाही, वरचे चांगले सिग्नल बिनधास्त खोदा.

सेन्सिटिव्हिटी फुल ठेवण्याबद्दल जास्त बोलायची गरज नाही. वस्तूच्या सिग्नलबरोबर मातीतल्या लोहखनिजाचा आणि विजेच्या तारांचा गोंगाटही वाढतो, मशीन उगाच किरकिरत राहतं. ग्राउंड बॅलन्स करा (म्हणजे मातीचा स्वतःचा सिग्नल वगळायला मशीन त्या जागेला जुळवून घ्या), किरकिर थांबेपर्यंत सेन्सिटिव्हिटी खाली आणा. मोठ्या कॉइलनं पोच वाढते हे खरं, पण बऱ्याच मशीनचा डेप्थचा हिशोब सोबत आलेल्या कॉइलवर बसवलेला असतो, कॉइल बदलली की तो हलतो. शिवाय मोठ्या कॉइलखाली दोन टार्गेट एकदम आले तर आकडा नक्की कोणाचा हेच कळत नाही.

"खोदून काही निघालं नाही म्हणजे मशीन बोगस." अहो, सिग्नल वस्तूच्या आकारावर आणि अंतरावर ठरतो. छोटी वस्तू कॉइलच्या मानानं लांब असेल तर अंतर दुप्पट झाल्यावर सिग्नल साधारण 64 पट पडतो, जाताना 8 पट आणि येताना 8 पट, त्यामुळे खोलवरच्या मंद सिग्नलमध्ये आकडा डुलणारच. खोदायच्या आधी कॉइल हळूहळू वर उचला. फूटभर वर नेल्यावरही सिग्नल दमदार राहिला तर खाली मोठी वस्तू आहे, मग दाखवलेल्या इंचांपेक्षा ती खोल असायची शक्यता धरूनच खड्डा रुंद घ्या. आवाज पटकन विरला तर वस्तू छोटी किंवा वरवर आहे, तिथं लांबून ढेकूळ कापा, वरून खुरपं खुपसू नका. रिकामा वाटणारा खड्डा परत स्कॅन करा, मग बाजूला काढलेल्या मातीचा ढीग, मग छोटा पिनपॉइंटर (हातात धरायचा काडीसारखा डिटेक्टर) घेऊन खड्ड्याच्या भिंती, कारण पिनपॉइंट दोन बोटं चुकलं की वस्तू भिंतीतच राहते. गंजलेल्या लोखंडाभोवतीच्या मातीतही गंज उतरलेला असतो, ती माती उकरली की सिग्नल मंदावतो किंवा गायबच होतो, तो दोषही मशीनचा नाही.