'झटपट' म्हणे!

गंज सोडवायच्या तेलाच्या डब्यावर सगळ्यात मोठं अक्षर कशाचं, तर 'झटपट'चं. गंजलेले नट-बोल्ट झटपट सैल! आणि मागे, भिंग लावल्याशिवाय वाचता येणार नाही अशा बारीक टाइपात: गंज जास्त असल्यास रात्रभर ठेवावे, गरज पडल्यास पुन्हा मारावे. अरे, रात्रभर ठेवायचं आहे तर पुढे झटपट कोणत्या तोंडाने छापता?

काम होतं पाण्याच्या पंपाचं सील बदलायचं. फ्लँजला, म्हणजे पंपाचे भाग जोडणाऱ्या पसरट कडेला, चार बोल्ट, दहा एमएमचे, सतराचा पाना. बोल्ट म्हणायचे ते नावाला, दिसायला तपकिरी ढेकळं. आटे कुठे सुरू होतात आणि नट कुठे संपतो हेच कळेना. म्हटलं, नुसता जोर लावून मोडून ठेवण्यापेक्षा चांगलं तेल आणू. इथेच चुकलो. कारण 'चांगलं तेल कोणतं' हे दोन माणसांना विचारलं की तीन उत्तरं येतात. एक म्हणतो रॉकेल, दुसरा म्हणतो डिझेल, तिसरा म्हणतो माझाच स्प्रे, बाकी सगळे भंपक. प्रत्येकाकडे एक किस्सा तयार: 'आमचा एक बोल्ट असा जाम होता, दोन थेंब टाकले आणि हाताने फिरला!' फिरला असेल बाबा. पण तो आधीच सुटायच्या बेतात नव्हता कशावरून? एकदा सुटलेला बोल्ट पुन्हा तसाच गंजवून दुसऱ्या तेलाने कोण तपासणार आहे? शेजारशेजारचे दोन बोल्टसुद्धा सारखे गंजत नाहीत. माझ्या चारांतले दोन तेल नुसतं दाखवल्यावर सुटले. त्या जोरावर मीही उद्या छातीठोकपणे किस्सा सांगू शकतो.

मुळात आत काय होतं ते कुणी सांगतच नाही. लोखंड गंजलं की फुगतं. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, आणि नट-बोल्टच्या आट्यांमधली फट आधीच जेमतेम केसाएवढी. तिथे हा गंज ठासून भरतो. त्यातून वाट काढायची तर तेल पाण्यासारखं पातळ हवं, वातीत चढतं तसं स्वतःहून आत ओढलं जाणारं. दाट तेल वंगण म्हणून उत्तम, पण ते नटाच्या डोक्यावर बसून राहतं. पालथ्या घड्यावर पाणी. माझ्या पहिल्या डब्याचं तेच झालं. सकाळी बघतो तर फ्लँजखाली फरशीवर छान गोल थारोळं, आणि नट ढिम्म.

आणि 'स्प्रे' म्हटलं की सरसकट एकच डबा हातात ठेवणाऱ्यांचा तर मला भयंकर राग येतो. डब्ल्यूडी-४० घ्या. नावातच आहे: वॉटर डिस्प्लेसमेंट, म्हणजे पाणी हटवणारं, ४० वं मिश्रण. १९५३ साली अमेरिकेत तयार झालं, ॲटलास क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून. गंज चढू नये म्हणून! चढून बसलेल्या गंजात घुसायला ती कंपनी स्वतःच वेगळा डबा विकते. साध्या डब्याचा यात काही दोष नाही. पण रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला दिलं की पुन्हा वर आपणच म्हणायचं, स्प्रे बेकार.

मग येतात घरगुती शास्त्रज्ञ. अर्धं ॲसिटोन, अर्धं ऑटोमॅटिक गिअरचं तेल. मिश्रण खरंच पातळ होतं आणि आत उतरतंही, नाही म्हणत नाही. पण ते दोन्ही एकमेकांत नीट मिसळत नाहीत, दर वेळी बाटली हलवावी लागते, हे कोण सांगणार? ॲसिटोन रंग उतरवतं, प्लास्टिक खातं, आणि त्याची वाफ शून्याखालच्या तापमानालाही पेट घेते. आणि हेच महाशय पुढच्या वाक्यात सांगतात, 'नाहीच हलला तर गॅसची टॉर्च मार.' त्याच नटावर. तेल ठिबकत असताना. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

तापवणं चुकीचं नाहीच. उलट बऱ्याचदा तेलापेक्षा तेच जास्त कामाचं. नट तापून फुगला की गंजाची पकड तडकते. पण आधी कोरडा तापवा, पुरता निवू द्या, मग तेल. क्रम उलटा केला तर नट राहील जागेवर आणि भुवया जातील.

स्टेनलेसचे आटे एकमेकांत रुतले असतील किंवा बोल्ट सैल होऊ नये म्हणून लॉकिंगचा गोंद लावलेला असेल, तर गंजाचं तेल ओतून काही होत नाही. दुकानदार मात्र कधी विचारत नाही की बोल्ट कसला आहे. डबा घ्या, चला.

तिसरा बोल्ट शेवटी कशाने सुटला? तारेच्या ब्रशने आटे घासले, दोन्ही बाजूंनी तेल सोडलं, हातोडीने डोक्यावर वीसेक ठोके दिले, पुन्हा तेल, पुन्हा ठोके. असं दोन दिवस. मग सहा कोनी सॉकेट लावून आधी किंचित आवळला आणि मग सैल केला. कट्ट! तो आवाज ऐकायला कान आसुसले होते. आता हे श्रेय तेलाचं की हातोडीचं? माझ्या मते हातोडीचं. पण हातोडीचं चित्र कुठल्याच डब्यावर नसतं.

चौथ्यालाही हेच सगळं केलं. अगदी हेच. पाना हलला, आणि मी खुळ्यासारखा खूश झालो. पण तो हलला मऊ, चिकट, कट्ट न करता. हाताला कळलं होतं, थांबायला हवं होतं. पण दोन दिवसांची चीड मनगटात साचलेली. अजून पाव फेरी मारली. नट सुटत नव्हता, बोल्ट पिळवटत होता. डोकं पान्यासकट हातात आलं, आणि आतलं खोड फ्लँजच्या बरोबरीत, पकड लावायलाही जागा नाही.

आता उद्या मधोमध खूण ठोकायला सेंटर पंच, मग बारीक ड्रिल, मग त्या भोकात रुतवून खोड उलटं फिरवून काढणारा एक्स्ट्रॅक्टर. तो एक्स्ट्रॅक्टर आत मोडला तर त्याच्या कडक पोलादात साधं ड्रिलही शिरत नाही. आणि डब्यात तेल खळखळतंय अजून, अर्धा तरी भरलेला असेल. फक्त दाब संपलाय, आणि डब्याच्या तोंडाला लावायची ती लाल नळी पहिल्याच दिवशी कुठे गेली देव जाणे.