जीएमएस म्हणजे प्लास्टिक नव्हे, आणि मुलांना सोडा पाजू नका

सध्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की आइस्क्रीम, ब्रेड, केकमध्ये घालतात ती जीएमएस (ग्लिसरिल मोनोस्टिअरेट) नावाची पांढरी पावडर प्लास्टिक असते. ती पाण्यात विरघळत नाही, म्हणून आतड्यात थर धरते. आणि तो थर साबणासारखा धुऊन काढायला मुलांना रोज सकाळी गरम पाण्यातून चमचाभर खायचा सोडा द्यावा. माझ्या वहिनीने ‘देऊ का?’ असं विचारलं, म्हणून आधी सोड्याचंच.

अजिबात देऊ नका. चहाच्या सपाट चमचाभर सोड्यात साधारण सव्वा ग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसात २ ग्रॅमच्या आत राहायला सांगते. लहान मुलाला असा डोस रोज दिला, तर रक्तातलं सोडियम आणि अल्कली दोन्ही वाढू शकतात. मग उलट्या, गुंगी, प्रसंगी झटकेसुद्धा. एवढं करून साबणही होत नाही. चरबीचा साबण करायला कॉस्टिक सोडा लागतो. खायचा सोडा जठरातल्या आम्लाला भेटला की त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि ढेकर येते, बस. आतड्यात लागतं तेवढं बायकार्बोनेट (खायच्या सोड्यातला हाच घटक) स्वादुपिंड स्वतःच सोडतं.

मुळात धुवायला थरच नसतो. कुठलंही तेल-तूप खाल्लं की स्वादुपिंडातलं लायपेज हे पाचक एन्झाइम त्या रेणूत ग्लिसरॉलला चिकटलेल्या तीन फॅटी ॲसिडांपैकी कडेची दोन तोडतं आणि मधलं एक ग्लिसरॉलला चिकटलेलं राहतं. त्यालाच मोनोग्लिसराइड म्हणतात, आणि जीएमएस त्याच घराण्यातलं. म्हणजे प्रत्येक जेवणानंतर असे रेणू पोटात तयार होतात, पित्ताबरोबर बारीक कणांत मिसळतात आणि शोषले जातात. विकतच्या पावडरीत स्टिअरिक ॲसिड (जीएमएसमधलं फॅटी ॲसिड) बहुतांशी मधे नसून टोकाला असतं, त्यामुळे लायपेज तेही सोडवतं.

थंड पाण्यात ती तरंगते, हे खरं. साठ अंशांच्या आसपास वितळणारी चरबी थंड पाण्यात दुसरं काय करणार?

प्लास्टिकच्या कारखान्यात जीएमएस वापरतात, हेही खरं. माल साच्यातून सुटावा, त्यावर स्थिर वीज साठून धूळ बसू नये, म्हणून ती प्लास्टिकमध्ये मिसळतात. प्लास्टिक तिच्यापासून बनत नाही.

‘वितळत नाही ते आइस्क्रीम बनावट’ हा मुद्दाही तसलाच. मिश्रणात जीएमएस ०.१ ते ०.३ टक्के, म्हणजे किलोला १ ते ३ ग्रॅम असते. ती स्निग्धकणांवरची प्रथिनं बाजूला सारते, मग घुसळताना ते कण एकमेकांना अर्धवट चिकटतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती जाळी धरतात. बर्फ वितळला तरी ही जाळी काही वेळ उभी राहते. घरी करताना पावडर थेट थंड दुधात टाकली तर गुठळ्या होतात. साखरेत कोरडी मिसळून घाला, ढवळत ७० अंशांच्या वर न्या, गार करून फ्रिजमध्ये चार-पाच तास ठेवा आणि मगच घुसळा. जास्त झाली की जिभेवर मेणचट लागते, आणि अति घुसळलं तर लोण्याचे कण सुटतात.

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७ मध्ये जीएमएस ज्यात येते तो गट (लेबलवरचा आकडा ई ४७१) नव्याने तपासला. सध्याच्या वापरात धोका दिसत नाही आणि रोजच्या सेवनाला आकड्याची मर्यादा घालायची गरज नाही, असा निष्कर्ष काढला. मात्र शिसं, आर्सेनिक अशा अशुद्धींच्या मर्यादा कडक करायलाही सांगितलं, म्हणून अन्नासाठीची पावडरच घ्या. कॉस्मेटिकची किंवा प्लास्टिकची स्वयंपाकात नको. २०२४ मध्ये फ्रान्समधल्या एका मोठ्या पाहणीत ई ४७१ जास्त खाणाऱ्यांत कर्करोगाचं प्रमाण थोडं जास्त दिसलं, हे मान्य करायला हवं. पण ती निरीक्षणात्मक पाहणी आहे. कारण जीएमएसच, हे त्यातून सिद्ध होत नाही. तेवढ्यावरून पॅकबंद खाणं कमी करायचं तर जरूर करा.

जीएमएसमध्ये ‘प्राण्यांची चरबी’ असते, ही मेसेजमधली ओळ मात्र पूर्ण खोटी नाही. स्टिअरिक ॲसिड पामतेलातूनही मिळतं आणि जनावरांच्या चरबीतूनही. रेणू तोच असल्याने वास, रंग किंवा जाळून पाहणं यावरून फरक कळत नाही, आणि ई ४७१ हा आकडाही तो सांगत नाही. शाकाहारी असाल तर उत्पादकाकडून स्रोत लेखी मागून घ्या.